‘ऑफिस मानवत नाही, पुन्हा लाईनवर जाऊ का?’

कळंबोली-कामोठ्याच्या पट्ट्यात समुपदेशन करताना हा प्रश्न वरचेवर येतो. लांब पल्ल्याची गाडी चालवणारा, म्हणजे ‘लाईनवरचा’, माणूस चाळिशी ओलांडतो, पाठ बोलू लागते, घरचे मागे लागतात आणि तो ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात टेबलावर बसतो. काही महिन्यांत त्याला वाटू लागतं, आपली गाडीच बरी होती. त्यातल्या एकाची ही हकिगत, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलून.

रामदास, वय ४४. न्हावाशेव्याहून कंटेनर घेऊन पार लुधियान्यापर्यंत जायचे. आता ड्रायव्हरांना फोन, ई-वे बिलं, पोचपावत्या. “जीव घुसमटतो, मॅडम. वर पगारही कमी.”

पगाराचं आधी उरकलं, कारण ते सोपं होतं. ट्रिपचा भत्ता धरून हातात जास्त यायचे, हे खरं. पण ढाब्यावरचं आणि वाटेतलं वजा केल्यावर फरक त्यांना वाटत होता तेवढा राहिला नाही. पीएफची १२ टक्के कपात ते तोट्यात धरत होते. मालकही तेवढेच भरतो, त्यातला भाग पेन्शन योजनेत जातो आणि दहा वर्षं सेवा झाली तर ५८व्या वर्षापासून पेन्शन मिळू शकते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मग म्हटलं, जीव घुसमटेल तेव्हा वेळ आणि जागा वहीत लिहा. पंधरवड्याने वही आणली. ऑफिसातल्या नोंदी मोजक्याच, आणि बहुतेक एकाच कारणाच्या. दर थोड्या वेळाने ड्रायव्हरला “कुठं पोचलास?” विचारावं लागतं. हाच फोन आला की ते स्वतः एकेकाळी चिडायचे. बाकी सगळ्या नोंदी रात्री आठनंतरच्या आणि रविवारच्या, म्हणजे घरातल्या.

पुढच्या वेळी त्यांच्या पत्नी सुनीताताईंनाही बोलावलं. त्या आल्या आल्याच म्हणाल्या, “पूर्वी दोन दिवस यायचे, मटण व्हायचं, पोरं गप्प बसायची. आता पाहुणा आला तो गेलाच नाही, असं झालंय.” रामदास हसले, पण त्यांना ते लागलं असावं. बँक, शाळा, सोसायटीचं भांडण, सासूबाईंची औषधं, सगळं ताईंनी एकटीने बसवलं होतं. वन-बीएचकेतल्या ज्या कोपऱ्यात मुलगी बारावीचा अभ्यास करायची, तिथे आता टीव्ही लागायचा. घरचा कर्ता असून घरात आपल्याला काही कामच नाही, हे रामदासांना बोलता येत नव्हतं. ऑफिसला नावं ठेवणं त्यापेक्षा सोपं होतं.

अशा वेळी ‘घरात मदत करा’ हा सल्ला मला अर्धवट वाटतो. मदतनीस सांगकाम्याच राहतो. एखादं काम पुरतं त्यांच्याकडे द्या, असं मी सुचवलं. पैशांचा हिशेब द्यायला ताईंनी साफ नकार दिला, आणि मला तो पटला. शाळेच्या पालकसभा आणि सासूबाईंचा दवाखाना मात्र त्यांनी सोडला. पहिल्याच सभेला रामदास चुकीच्या तुकडीत जाऊन बसले, त्यावर घरी बरेच दिवस हसणं चाललं होतं. टीव्ही साडेनऊनंतर. गाडीच्या केबिनमधला एकांतही त्यांना हवा होता, म्हणून ऑफिस सुटल्यावर अर्धा तास एकट्याने चालत यायचं आणि तेवढ्यात कुणी फोन करायचा नाही, असं ठरलं.

झोपेचा भागही होता. शहरांत जड वाहनांना ठरावीक वेळी बंदी, त्यामुळे रात्र रस्त्यावर आणि डोळा लागायचा तो दुपारी. ती सवय राजीनाम्याबरोबर जात नाही. रविवारीसुद्धा एकाच वेळी उठणं, सकाळी उन्हात चालणं, दुपारनंतर चहा बंद. बेत साधाच, पण निदान काही आठवडे नेटाने पाळल्याशिवाय नोकरीचा निकाल लावू नये.

लाईनवर जायचं की नाही, हे मी ठरवलं नाही. एवढंच सांगितलं की जड वाहनाचं लायसन्स जिवंत ठेवा. मुदत संपून वर्ष उलटलं, तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. त्यांनी नूतनीकरण करून घेतलं. ताईंनीही अट घातली आहे: जायचंच झालं तर न्हावाशेवा ते भिवंडी, गोदामापर्यंतच्या फेऱ्या, आणि रात्री मुक्कामाला कामोठ्यात. सध्या रामदास ऑफिसातच आहेत. तो “कुठं पोचलास?” फोन त्यांना अजून आवडत नाही.