पार्किंगमधल्या ईव्हीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर इन्व्हर्टर: चालेल, पण गाडी ‘रेडी’ असतानाच

तुमचे प्रश्न दोन आहेत. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते तेव्हा पार्किंगमधल्या इलेक्ट्रिक गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीला ३०० वॅटचा इन्व्हर्टर जोडून लॅपटॉप आणि राउटर चालवता येईल का? आणि पवना धरणाकाठी मुक्कामाला गेल्यावर त्यावरच छोटा फ्रिज चालेल का? दोन्ही जमेल, पण गाडी बंद ठेवून नाही; ती ‘रेडी’, म्हणजे सुरू आणि चालवायला तयार, हवी.

गाडीच्या पोटात ३० युनिटची बॅटरी आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. बॉनेटखालची १२ व्होल्टची बॅटरी मात्र वेगळी आणि फारच लहान. ४५ अँपिअर-अवरची धरली तरी तिच्यात जेमतेम अर्धं युनिट मावतं. लेड-अ‍ॅसिड निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे वापरायला उरलं पाव युनिट. लॅपटॉप आणि राउटर मिळून ८० वॅट धरा, इन्व्हर्टरचा तोटा वेगळा. तीन तासही निघत नाहीत.

आणि ही बॅटरी उतरली की सगळंच अडतं. मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर (तिला गाडीशी जोडणारे मोठे स्विच), दाराची लॉक, गाडीतले कंप्युटर, सगळं या १२ व्होल्टवर चालतं. खाली ८० टक्के चार्ज असूनही गाडी उठत नाही आणि बहुतेक गाड्या अशा वेळी चार्जिंगही सुरू करत नाहीत.

पेट्रोल गाडीत १२ व्होल्टची बॅटरी भरायचं काम अल्टरनेटर करतो, इथे ते डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो. मोठ्या बॅटरीच्या तीनशे-साडेतीनशे व्होल्टचे तो साधारण १४ व्होल्ट करतो. गाडी ‘रेडी’ असताना किंवा चार्जिंगला लावलेली असतानाच त्याच्यावर भरवसा ठेवा. काही गाड्या उभ्या असतानाही अधूनमधून छोटी बॅटरी भरून घेतात, पण त्या हिशेबावर लोड टाकू नका.

तुमची गाडी काय करते हे पाहायला सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळेल. आकडा साडेतेराच्या वर असेल तर कन्व्हर्टर चालू आहे. नुसतं अ‍ॅक्सेसरी ऑन केल्यावर (गाडी सुरू न करता फक्त रेडिओ वगैरे चालू) १२.५ दाखवून तो हळूहळू खाली येत असेल, तर तुम्ही छोटी बॅटरीच खाताय. गाडी ‘रेडी’ ठेवून अर्धा तास लक्ष ठेवा, कारण काही गाड्या ठरावीक वेळाने किंवा ड्रायव्हर उतरला की आपोआप बंद होतात. बंद झाली नाही तर चार तासांत लॅपटॉप, राउटर आणि गाडीचा स्वतःचा खप धरूनही मोठ्या बॅटरीतून एक-दीड युनिट जाईल. मात्र ‘रेडी’ गाडी पार्किंगमध्ये एकटी सोडू नका, आणि ती पार्कमध्ये, हँडब्रेक लावूनच ठेवा.

आता वायर. लोक इथेच कंजुषी करतात. ३०० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर १२ व्होल्टला २८ अँपिअरच्या आसपास ओढतो. सिगारेट सॉकेटचा फ्यूज सहसा १० किंवा १५ अँपिअरचा असतो, तेव्हा तिथून हे जमणार नाही. मोठा फ्यूज घालून ‘जमवू’ नका, आतली वायर तापेल. बॅटरीपासून ३ मीटरवर इन्व्हर्टर ठेवलात तर ४ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत जाऊन-येऊन पाऊण व्होल्ट पडतो आणि इन्व्हर्टर ओरडायला लागतो. १० स्क्वेअर एमएम घ्या, ०.३ व्होल्टवर भागतं. ४० अँपिअरचा फ्यूज पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरातच हवा. इन्व्हर्टरशेजारी लावलात तर मधल्या सगळ्या वायरीला फ्यूजचं संरक्षण राहत नाही. निगेटिव्ह बॅटरीच्या टोकाला न लावता कंपनीने दिलेल्या चासीच्या अर्थ बोल्टला लावा, कारण बऱ्याच गाड्यांत त्या टोकावर करंट मोजणारा सेन्सर असतो आणि त्याला वळसा घातला की गाडीचा हिशेब चुकतो. मोठ्या बॅटरीच्या हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलींच्या वाटेला अजिबात जाऊ नका. वॉरंटीत गाडी असेल तर काम सुरू करण्याआधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्या.

पवनेसाठी ४५-५० वॅटचा १२ व्होल्ट कॉम्प्रेसर फ्रिज असेल तर इन्व्हर्टर हवाच कशाला? तो सरळ सॉकेटवर चालतो. फक्त त्याचं बॅटरी प्रोटेक्शन ‘हाय’वर ठेवा, म्हणजे बॅटरी फार उतरायच्या आत फ्रिज बंद होईल. रात्रभरासाठी मी छोटं लिथियम पॉवर स्टेशन (म्हणजे मोठी पॉवर बँकच) घेईन, जाताना वाटेत सॉकेटवर भरायचं आणि मुक्कामाला गाडी बंद. तुमचा लॅपटॉप आणि राउटरही त्यावर भागतो, मग बॉनेटला हात लावायचीही गरज नाही. गाडीला व्ही-टू-एल (गाडीतून बाहेरची उपकरणं चालवायची सोय) असेल, जसं २०२३मध्ये आलेल्या नेक्सॉन ईव्हीच्या काही प्रकारांत किंवा आयोनिक ५मध्ये आहे, तर हा सगळा खटाटोप सोडा. ती वीज थेट मोठ्या बॅटरीतून येते.

एक राहिलं. सोसायटीत कोणाची डिझेल गाडी सुरू होत नसेल आणि तुमच्या ईव्हीवरून जंप (तुमच्या बॅटरीला केबल जोडून स्टार्ट) मागितला तर नम्रपणे नाही म्हणा. स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो, ते या छोट्या बॅटरीचं आणि कन्व्हर्टरचं काम नाही.

आधी मीटर लावून अ‍ॅक्सेसरी आणि ‘रेडी’ या दोन्ही स्थितींतले आकडे कळवा, आणि गाडीचं मॉडेलही. वायरीचं त्यानंतर ठरवू.