रेघ दिसली की आधी मेन स्विच पाड

भाऊ, घरच्या घरी रेडिओ दुर्बीण करून एलियनचे संकेत शोधायचे म्हणतोस, पण एलियन नंतर शोधू. आधी १४२० मेगाहर्ट्झवर हायड्रोजनची रेषा, म्हणजे आकाशातल्या हायड्रोजन वायूकडून येणारा रेडिओ संकेत पकड. पत्र्याचा हॉर्न (भोंग्यासारखा अँटेना), चांगला अ‍ॅम्प्लिफायर आणि एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रेडिओ) पुरे. यावलकडे केळीच्या मळ्यात माझ्या पडद्यावर एकदा ठळक रेघ आली. रात्रभर जागलो. पहाटे लोडशेडिंग झालं नि रेघ गायब! आकाशातला संकेत नव्हताच, खोलीवरच्या सीसीटीव्हीचा डबा निघाला.

हसू नको, एलियनचा असेल अशी चर्चा झालेला १९७७ चा ७२ सेकंदांचा ‘वॉव’ हा रेडिओ संकेतही पुन्हा कुणाला सापडलेला नाही.

घरच्या कॉम्प्युटरवर सेटीचा (परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांच्या शोधाचा) डेटा तपासायची सोय २०२० मध्ये थांबली. पुढचं काम गोंगाटातून संकेत निवडणाऱ्या प्रोग्रामचं, म्हणून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शीक. आणि २८ फेब्रुवारीच्या, विज्ञान दिनाच्या सुमारास पुणे जिल्ह्यात खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण बघायला जा, ४५ मीटरच्या ३० डिश आहेत तिथं. मोबाईल मात्र बंद ठेव, त्याचाही गोंगाट दुर्बिणीत शिरतो.