ऊसतोडीच्या हंगामात आजीजवळ राहिलेली लेकरे: मदत मागायची कोठे?

आपण लिहिले आहे की शेजारच्या घरातील वडील मागच्या पावसाळ्यात वारले, मुकादमाची उचल (ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेले पैसे) फेडायची असल्याने आई भावासोबत कर्नाटकात ऊसतोडीला गेली, आणि आठ वर्षांचा मुलगा व अडीच वर्षांची मुलगी आजीजवळ आहेत. मुलगी हडकली आहे, एकही शब्द बोलत नाही, पण "सरकारला कळलं तर लेकरं उचलून नेतील" या धास्तीने आजी कोणाला सांगू देत नाही. बीड जिल्ह्यातील गावांत वीस वर्षे अशा मुलांसाठी काम करताना ही धास्ती मी कितीतरी उंबऱ्यांवर ऐकली आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिच्यापासूनच करतो.

2015 च्या बाल न्याय कायद्याने मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. सांभाळणारे माणूस घरात असेल तर त्या घरालाच आधार द्यावा, असा त्याचा रोख आहे. माझ्या अनुभवात मुले घरापासून दुरावतात ती बहुधा लवकर कळवल्यामुळे नव्हे, तर आजारपण, उपासमार किंवा मारहाण हाताबाहेर जाईपर्यंत कोणीच न बोलल्यामुळे. आजीला हे सांगायला अधिकाऱ्याला नेऊ नका. जिच्या हातचा खाऊ ती मुलगी खाते, त्या अंगणवाडी सेविकेला न्या.

मुलीचे काम आजच सुरू करा. सेविका दंडाभोवती पट्टी गुंडाळून घेर मोजते; तो 11.5 सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर मूल अतितीव्र कुपोषित समजले जाते. अशा मुलीला सूज, ताप किंवा जुलाब असतील, किंवा ती जेवणच नाकारत असेल, तर घरी पोषण आहार देत बसू नये, तिला लगेच रुग्णालयात दाखल करावे. न बोलण्याबद्दल "तिचा बापही उशिराच बोलला होता" असे कोणीतरी म्हणेलच, पण अडीच वर्षांच्या मुलीने दोन शब्द जोडून बोलायला हवे. आधी तिची श्रवण तपासणी करून घ्या, कारण ज्याला ऐकू येत नाही त्या मुलाचे प्रत्येक वर्ष मोलाचे असते. मुलांची आरोग्य तपासणी करणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. त्याची वाट न पाहता सेविकेकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालय गाठता येते, आणि आजीसोबत गावातले कोणीतरी जाणे फार गरजेचे आहे. एकटी आजी केसपेपरच्या रांगेतूनच माघारी फिरते.

पैशासाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाची बालसंगोपन योजना आहे. एक पालक गमावलेल्या मुलांनाही ती लागू होते आणि 2023 पासून तिच्यात दर मुलामागे दरमहा 2,250 रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाकडे जातो, गृहभेट होते आणि बालकल्याण समिती (मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) आदेश देते. कागद किरकोळ वाटतात, पण सगळे अडते तेथेच. माझ्या पाहण्यातला एक अर्ज घरासमोर काढलेला मुलांचा फोटो नाही म्हणून परत आला, आणि फोटो काढेपर्यंत त्या मुलांची आई ऊसतोडीच्या फडावर गेलेली होती. ते अख्खे वर्ष वाया गेले, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून वडिलांचा मृत्यू दाखला, मुलांचे जन्मदाखले, आधार, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि मुलाचे शाळेचे बोनाफाईड आत्ताच गोळा करून ठेवा. मृत्यूची नोंदच झालेली नसेल तर वर्ष उलटण्याआधी करा, पुढे त्यासाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते. सरपंच तिचे अध्यक्ष असतात. ती कागदावरच असेल तरी सरपंचांना भेटून या घराचा विषय बैठकीत घ्यायला लावा. मुलांना मारहाण होते आहे किंवा मोठ्याला शाळेतून काढून कामाला लावले आहे, असे दिसले तर मात्र बैठकीची वाट पाहू नका, 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

आणि आईला आज रात्रीच फोन लावून द्या. पट्टीने दंड कोण मोजणार, दवाखान्यात कोण नेणार, हे तिला आजीच्या तोंडून कळू द्या.