कॉलेजातलं टेबल टेनिस पुन्हा सुरू केलंय, पण हरतोय आणि खांदा दुखतोय

प्रश्न: मी 48 वर्षांचा आहे. विद्यापीठाच्या संघातून टेबल टेनिस खेळायचो. 1998 मध्ये धंद्यात पडलो आणि खेळ सुटला. आता कारखाना मुलगी समर्थपणे सांभाळते, म्हणून दोन महिन्यांपूर्वी क्लबात जायला लागलो. सगळ्यांत महागडी कार्बनची बॅट घेतली, तरी चौदा वर्षांची मुलं मला हरवतात. माझी हुकमी सर्व्हिस फाउल ठरते. खांदा दुखतो. पत्नी म्हणते, या वयात हसं करून घेऊ नका. क्लबाला चार नवी टेबलं द्यायचं मनात आहे, पण मुळात मी खेळावं का?

उत्तर: जरूर खेळा. पण तुम्ही सोडलेला खेळ आणि आज टेबलावर चाललेला खेळ यांत बरंच अंतर पडलं आहे, हे आधी ध्यानात घ्या. 2000 साली चेंडू 38 मिलिमीटरचा 40 मिलिमीटर झाला. 2001 मध्ये 21 गुणांचा गेम 11 वर आला आणि पाच-पाच सर्व्हिसच्या जागी दोन-दोन आल्या. 2002 पासून सर्व्हिस करताना चेंडू हाताआड किंवा अंगाआड लपवता येत नाही. 2014 पासून सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिकचा चेंडू आला. मोठा चेंडू हवेत लवकर मंदावतो, शिवाय त्याला फिरकीही कमी लागते. तुमचा जुना टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारा फटका, समोरचा आरामात ब्लॉक करतो (नुसती बॅट लावून परतवतो) तो यामुळे. त्यात तुमचं वय आणखी भर घालतं, पण सगळा दोष वयाचा नाही.

सर्व्हिस पहिल्यापासून बसवा. तळहात सपाट आणि उघडा, चेंडू त्यावर स्थिर, टेबलाच्या पातळीच्या वर आणि मागच्या कडेच्या बाहेर. तो जवळजवळ सरळ वर, किमान 16 सेंटिमीटर उडाला पाहिजे आणि खाली येतानाच मारायचा. जुन्या खेळाडूंची चूक होते ती चेंडू उडवल्यानंतर. मोकळा हात सवयीने चेंडूपुढेच राहतो. तो लगेच बाजूला काढा. रोज एकट्याने, बादलीभर चेंडू घेऊन पंधरा मिनिटं एवढंच करा. दोनच सर्व्हिस पक्क्या करा: जाळीजवळ पडून समोरच्या टेबलावर दुसरा टप्पाही घेणारी आखूड बॅकस्पिन (चेंडूला मागच्या दिशेने फिरकी देणारी), आणि तशाच हालचालीतून निघणारी लांब, वेगवान. 21 च्या गेममध्ये तीन-चार गुण देऊन प्रतिस्पर्धी ओळखता येत असे. 11 मध्ये तेवढी सवड नसते, त्यामुळे पहिल्या दोन सर्व्हिस कोणत्या करायच्या हे टेबलापाशी येण्याआधीच ठरलेलं असावं.

आता बॅट. कार्बनच्या ब्लेडवर, म्हणजे रबराखालच्या फळीवर, जाड स्पंज असला की चेंडू बॅटवर टेकताच सुटतो. तो बाहेर जाऊ नये म्हणून माणूस फटका आखडतो, मूठ आवळतो आणि कमरेऐवजी नुसत्या खांद्याने मारतो. तुमचा खांदा दुखण्याचं हे मोठं कारण असू शकतं. ही बॅट सध्या पिशवीतच राहू द्या. पाच थरांचं निव्वळ लाकडी ब्लेड आणि त्यावर दोन्ही बाजूंना 1.8 मिलिमीटर स्पंजची साधी, पकड असलेली रबरं घ्या. रबर पाण्यावर आधारित गोंदाने लावा. रबर आणि ब्लेड दोन्हींवर पातळ थर द्या आणि पांढरा गोंद पूर्ण पारदर्शक होईपर्यंत थांबा. घाईत चिकटवलं तर फुगे धरतात. कपाटातली जुनी बॅट मात्र आठवण म्हणूनच ठेवा. इतक्या वर्षांत रबर कडक आणि गुळगुळीत झालेलं असणार, त्यावर फिरकी येणार नाही.

सरावाला आठवड्यातले तीन दिवस पुरेत, मधे एकेक दिवस विश्रांती. पहिला महिनाभर सामने नकोत. हे तुम्हाला सर्वांत जड जाईल, पण गुण मोजायला लागलं की हात जुन्या सवयींवर जातो. आधी दहा मिनिटं झपझप चालणं, पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं, इलॅस्टिक बँडने खांदे फिरवणं. मग फोरहँड आणि बॅकहँड, प्रत्येकी न चुकता 50 चेंडूंची रॅली. त्यानंतर प्रशिक्षकाकडून मल्टीबॉल, म्हणजे एकामागून एक चेंडू टाकून घेतलेला सराव: बॅकहँड कोपऱ्यातून एक बॅकहँड, तिथूनच सरकून एक फोरहँड, मग धावत उजव्या कोपऱ्यात फोरहँड (डावखुरे असाल तर उलट). एका फेरीत 12 ते 15 चेंडू, मग श्वास जागेवर येईपर्यंत थांबा. दमल्यावर पाय थांबतात आणि खांदा एकटा राबतो. बूट चपट्या, पकड असलेल्या रबरी तळाचे हवेत. धावण्याच्या जाड बुटांत आडवं सरकताना घोटा मुरगळतो.

हे सगळं सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घ्या. खेळताना छातीत दडपण आलं तर खेळ तिथेच थांबवून लगेच वैद्यकीय मदत घ्या. खांदा रात्री झोपेतून उठवत असेल किंवा हात वर जात नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवेपर्यंत बॅट धरू नका.

टेबलांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: द्या, पण आत्ता नको. सहा महिने साधे सभासद म्हणून खेळा. देणगी आधी आली तर मुलं तुम्हाला जिंकू देतील, प्रशिक्षक चुका सांगताना अडखळेल आणि तुम्हाला स्वतःचा खरा खेळ कळणारच नाही. कारखान्यातल्या माणसांबरोबरही याच कारणासाठी सामने खेळू नका. चौदा वर्षांच्या मुलांकडून हरण्यात कमीपणा नाही. ती रोज तासन्‌तास खेळतात आणि याच चेंडूवर शिकली आहेत. सामना संपला की त्यांनाच विचारा, "माझी कुठली सर्व्हिस तुला ओळखता आली?" मुलं अगदी नेमकं सांगतात.

पत्नीला सांगा की 40 वर्षांवरील खेळाडूंसाठी वयोगटांनुसार जागतिक स्पर्धा 1982 पासून होत आल्या आहेत, म्हणजे या वयात खेळणारे तुम्ही एकटे नाही. आणि त्यांना एकदा सरावाला घेऊन या. मल्टीबॉलचे चेंडू गोळा करायला कुणीतरी लागतंच, आणि बघता बघता त्यांच्याही हातात बॅट येण्याची शक्यता बरीच आहे.