केळीचे खोड, पाचट, कडबा: पॅकिंगच्या लगद्यासाठी काय विकावे, काय शेतातच ठेवावे?

शेतकरी बंधू-भगिनींनो, राम राम.

सध्या एका नव्याच विषयावर विचारणा होते आहे. मोबाईल, लॅपटॉप, मिक्सर यांच्या खोक्यात पूर्वी थर्मोकोल असायचा. आता तिथे लगद्याचे साच्यात घडवलेले ट्रे दिसू लागले आहेत, अंड्याच्या ट्रेसारखेच पण जास्त गुळगुळीत. डेल कंपनीने २००९ मध्ये लॅपटॉपसाठी बांबूच्या लगद्याचे पॅकिंग आणले. ॲपलच्या पॅकिंगमध्येही बांबू आणि उसाच्या चिपाडाचा धागा वापरला जातो. ‘मग आमचा माल का नको?’ असे करमाळ्याच्या केळी बागायतदारांनी, माळशिरसच्या ऊस उत्पादकांनी आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीवाल्यांनी विचारले आहे. मोहोळच्या एका गटाला तर थेट यंत्रच घ्यायचे आहे.

आधी हा ट्रे कसा होतो ते पाहू. काडीकचरा शिजवून किंवा दळून त्यातले धागे मोकळे करतात. ते भरपूर पाण्यात मिसळतात, इतक्या की शंभर लिटर पाण्यात धागा जेमतेम किलोभर. जाळी लावलेला साचा त्या पाण्यात बुडवून मागून हवा ओढली की पाणी निघून जाते आणि धाग्यांचा थर जाळीवर बसतो. अंड्याचा ट्रे नुसता वाळवतात. इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रे तापलेल्या साच्यात दाबून वाळवावा लागतो, तेव्हा तो गुळगुळीत आणि मापात येतो. म्हणून कारखान्याला हवा असतो तो स्वच्छ, कोरडा आणि वर्षभर एकसारखा धागा. माती, खडा, बुरशी, रंगात फरक असे काही दिसले की माल परत.

प्रश्न (करमाळा): घड उतरवल्यावर केळीचे खोड बांधावर टाकून देतो. त्याचा धागा विकला जाईल का?

जाईल, आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यात विकण्याजोगी खरी वस्तू हीच आहे. उजनीच्या पाण्यावर करमाळा, माढा, माळशिरस भागात केळी वाढली तशी खोडांची अडचणही वाढली. त्यात सोंडकीड वाढते आणि पुढच्या बागेला त्रास देते.

पण हिशोब नीट करा. खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते. धागा निघतो तो ताज्या वजनाच्या साधारण एक टक्का. सहा बाय पाच फुटांवर लावलेल्या एकरात सुमारे १,४५० झाडे बसतात. खोड सरासरी २५ किलोचे धरले तर ३६ टन वजन होते आणि त्यातून धागा सुमारे ३६० किलो. एवढ्यासाठी खोडे तोडणे, वाहणे, यंत्राला घालणे, धुणे, वाळवणे ही सगळी मजुरी आहे. एकट्या शेतकऱ्याने यंत्र घेतले तर ते वर्षातला बराच काळ उभे राहील. लागण वेगवेगळ्या महिन्यांत असलेल्या गावातल्या दहा-पंधरा बागायतदारांनी मिळून यंत्र चालवले, तरच त्याला सलग काम मिळते.

खोड तोडल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत धागा काढा. उशीर झाला की चिकामुळे तो काळपट पडतो. काढलेला धागा भरपूर पाण्यात धुवा. केळीच्या रसात पालाश (पोटॅश) आणि क्षार बरेच असतात. क्लोराईडचे क्षार धाग्यात राहिले, तर दमट हवेत ते धातूला गंज आणतात. सर्किटच्या शेजारी ठेवायच्या ट्रेत असा माल कोणी घेणार नाही. धुतलेले पाणी आणि रस ओढ्यात सोडू नका, बागेला द्या. नवसारी कृषी विद्यापीठाने याच रसापासून द्रवरूप खत तयार केले आहे. तुमच्या खिशातून गेलेला पालाशच त्यात असतो. चोथा गांडूळ खताला वापरा.

धागा तारेवर पसरून वाळवा, जमिनीवर नको. गाठी बांधताना ओलावा दहा-बारा टक्क्यांच्या वर नसावा. ओली गाठ आतून बुरशीने जाते, आणि ते कळते ते पुण्याला माल उतरल्यावर.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. हातभर लांबीचा चमकदार धागा ट्रेच्या कामाचा नाही. लांब धागे पाण्यात गुंततात, गोळे होतात आणि ट्रेची भिंत कुठे जाड, कुठे पातळ येते. ट्रेसाठी तो काही मिलिमीटरवर कापून कुटावा लागतो, आणि तोही ताकदीसाठी दुसऱ्या लगद्यात थोडाच मिसळतात. तेव्हा लांब, उजळ धागा वेगळा काढा आणि दोरी, चटई, हस्तकला यांच्या व्यापाऱ्याला दाखवा. आखूड, तुटका धागा लगद्याला द्या. दोन्ही एकाच गाठीत बांधले की भाव आखूड धाग्याचाच मिळतो.

प्रश्न (माळशिरस): उसाचे पाचट आणि चिपाड कोण विकत घेते?

चिपाड तुमच्या हातात नाही. एक टन ऊस गाळला की सुमारे २८० ते ३०० किलो चिपाड निघते, त्यात निम्मे पाणी. साखर कारखाना ते बॉयलरला जाळतो आणि बरेच कारखाने त्यावर वीज करतात. लगद्यासाठी चिपाड उत्तम, पण आधी त्यातला भुसा वेगळा करावा लागतो. तो धरून ठेवतो पाणी आणि ताकद काही देत नाही. २०१३ च्या राज्याच्या ऊस दर कायद्यात साखर आणि चिपाड, मळी, प्रेसमड या उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेचा ७५ टक्के वाटा उसाचा धरला आहे. कारखाना चिपाड लगद्याला विकत असेल, तर सभासद म्हणून तो हिशोब वार्षिक सभेत विचारा. प्रश्न विचारण्याची जागा तीच.

पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, मात्र तुमचे आहे, आणि माझा सल्ला एका वाक्यात सांगतो: विकू नका. एकरी तीन-चार टन पाचट निघते. त्यात नत्र अर्धा टक्का, पालाश पाऊण ते एक टक्का, आणि मुख्य म्हणजे सेंद्रिय कर्ब. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत त्याचीच चणचण आहे. लगद्यालाही पाचट आवडत नाही, कारण पानात सिलिका आणि माती जास्त. खोडव्यात (तोडणीनंतर फुटून येणाऱ्या उसात) पाचट सरी आड सरी पसरा. हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका. पेटवू तर नकाच नका.

प्रश्न (मंगळवेढा): मालदांडी ज्वारीचा कडबा पेंढीऐवजी टनाने विकला तर?

नको. कागदाला कडबा चालतो हे खरे, पण जनावराच्या तोंडचा चारा काढून मोबाईलच्या खोक्याला घालण्याइतका भाव कोणता कारखाना देईल असे मला वाटत नाही. आणि दिला तरी पुढच्या दुष्काळात तीच पेंढी दुप्पट भावाने विकत आणावी लागेल. तुराट्यांचा (तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा) प्रश्नही आला आहे. त्या लाकडासारख्या कठीण, शिजवायला जड. त्यांना जळण म्हणून गिऱ्हाईक आहेच.

प्रश्न (मोहोळ, शेतकरी गट): गटाने ट्रे बनवायचे यंत्र घ्यावे का?

इलेक्ट्रॉनिक्ससाठी लगेच नको. रांजणगाव, चाकण पट्ट्यात गिऱ्हाईक आहे, पण प्रत्येक मॉडेलला वेगळा धातूचा साचा लागतो. मॉडेल बदलले की साचा भंगारात. त्याचा खर्च कोणाचा, हे करारात आधी लिहून घ्या. शिवाय ट्रे उंचावरून पाडून तपासतात, धूळ सुटते का पाहतात, दमट हवेत माप टिकते का पाहतात. ट्रे वाळवायला इंधन खूप लागते, आणि नफा-तोटा बहुधा तिथेच ठरतो.

गावात कॉस्टिक सोडा टाकून काडी शिजवायचा विचार कोणी मांडला, तर तिथेच थांबवा. शिजवल्यावर जे काळे पाणी उरते ते विहिरी नासवते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीशिवाय हा उद्योग करता येत नाही, आणि ती मिळवायची तर पाणी शुद्ध करायची यंत्रणा बसवावी लागते.

हात बसवायचाच असेल तर रद्दी कागदाच्या लगद्यापासून फळांचे ट्रे करून पाहा. रद्दीला शिजवावे लागत नाही, आणि डाळिंबाचे गिऱ्हाईक तुमच्या घराशेजारी आहे. ट्रे एकात एक बसतात, त्यामुळे गाडीभाडेही परवडते. पुढे त्यात केळीचा आखूड धागा थोडा मिसळून ताकद वाढते का बघा. अनुदान आहे एवढ्यावरून यंत्र घेऊ नका. आधी खरेदीदाराचे पत्र हातात असू द्या, त्यात दर, ओलाव्याची मर्यादा आणि माल नाकारायची कारणे लिहिलेली असावीत.

प्रश्न (सांगोला): बांधावर केकताड (घायपात) आहे, अंबाडीही होते. त्यांचा धागा चालेल का?

दोन्ही धागे मजबूत आहेत, पण दोरखंडाला भाव बरा मिळतो. आहे ते केकताड राहू द्या, बांध धरून ठेवते. नवी लागवड लगद्याच्या आशेने करू नका. पाने सोलताना हातमोजे घाला, रसाने खाज सुटते. अंबाडीचा पाला भाजीला आधी खुडून घ्या, मग ताटे वाढू द्या.