कंदिलांच्या हिशेबात बेरीज का चुकते?

प्रश्न : शाळेच्या दिवाळी मेळ्यात नववीची मुलं आकाशकंदील विकणार आहेत. एक्सेलमध्ये खर्चाची बेरीज कमीच येते. असं का?
– एक शिक्षिका, कोथरूड

उत्तर : चौकटीत ‘६० रु.’ लिहिलं की एक्सेल तो मजकूर समजतं आणि बेरजेत धरत नाही. असा आकडा डावीकडे चिकटलेला दिसतो. मुलांना तोच शोधायला लावा. नुसता आकडा लिहायचा, तोही इंग्रजी अंकांत. ‘रु.’ मथळ्यात.

खरा धडा मात्र पुढे आहे. समजा, बोहरी आळीतून आणलेला कागद, काड्या, डिंक मिळून कंदिलामागे ६० रुपये पडले, विक्री १०० ला, स्टॉलभाडं ८००. एका कंदिलामागे सुटतात ४०. म्हणजे २० कंदील खपेपर्यंत नफा नाहीच! हे आधी वहीत करून घ्या. फाटलेले कंदील खर्चात धरायला मुलं हमखास विसरतात.