‘सद्गुरू’चा विरुद्धार्थी शब्द ‘भोंदू’ नव्हे

एका जिज्ञासूने विचारले आहे की ‘सद्गुरू’ या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द भोंदू, पाखंडी आणि तोतया यांपैकी कोणता मानावा, आणि ‘पाखंडी सद्गुरूंपासून सावध राहा’ हे वाक्य बरोबर आहे का. वाक्य मला खटकते. का खटकते ते सांगण्यासाठी आधी ‘सद्गुरू’ या शब्दाकडे पाहिले पाहिजे.

संस्कृतात ‘गुरु’ हे मुळात विशेषण आहे आणि त्याचा अर्थ ‘जड, वजनदार’ असा आहे. छंदशास्त्रातली लघु-गुरु ही जोडी, तसेच गौरव आणि गरिमा हे शब्द त्याच मूळ अर्थाशी बांधलेले आहेत. ‘गु म्हणजे अंधार आणि रु म्हणजे त्याला रोखणारा’ ही प्रवचनांतून हमखास ऐकू येणारी फोड अद्वयतारक उपनिषदात सापडते. ती भाव सांगणारी निरुक्ती आहे, भाषाशास्त्रीय व्युत्पत्ती नाही. ‘सत्’ हे ‘अस्’ (असणे) या धातूपासून झालेले कृदंत असून ‘असलेला’, म्हणून ‘खरा’, म्हणून ‘चांगला’ असा त्याच्या अर्थाचा विस्तार झाला आहे. ‘सत्’ला प्रश्नकर्त्याने उपसर्ग म्हटले आहे, पण येथे ते विशेषण आहे आणि ‘सद्गुरु’ (सत् असा गुरु) हा कर्मधारय समास आहे.

गुरू आणि सद्गुरू यांतला फरक मराठीत सर्वांत नेटकेपणाने दाखवला आहे तो रामदासांनी, दासबोधाच्या पाचव्या दशकातील ‘गुरुलक्षण’ या दुसऱ्या समासात, म्हणजे प्रकरणात. त्याची सुरुवातच अशी आहे : ‘जे करामती दाखविती । तेही गुरु म्हणिजेती । परंतु सद्गुरु नव्हेती । मोक्षदाते ॥’ करामती दाखवणाऱ्याचे ‘गुरू’ हे नाव रामदास काढून घेत नाहीत, एवढे येथे बारकाईने पाहावे. पुढे ते मंत्रगुरू, यंत्रगुरू, वस्तादगुरू, कुळगुरू, विद्यागुरू असे सतरा गुरू मोजतात आणि त्याच यादीत ‘असद्गुरु’ हा शब्दही सहज येऊन जातो. म्हणजे प्रश्नकर्त्याला हवा असलेला विरुद्धार्थी शब्द तीनशे वर्षांहून अधिक काळ मराठीत आहे. आपण तो वापरत नाही, इतकेच. (‘करामत’ हा शब्द अरबीतून आला आहे. सूफी परंपरेत तो संतांच्या हातून घडणाऱ्या चमत्काराला आदराने लावतात. या ओवीत मात्र तो सद्गुरुपदाला पुरा न पडणारा गुण म्हणून आला आहे.)

आता ‘भोंदू’. मराठीत ‘भोंदणे’ म्हणजे फसवणे, लुबाडणे. जसा झाडण्यावरून झाडू, तसा भोंदण्यावरून भोंदू. गंमत अशी की हिंदीत ‘भोंदू’ म्हणजे मूर्ख, भोळसट माणूस. एकाच शब्दाने एका भाषेत फसवणारा दाखवला जातो आणि शेजारच्या भाषेत सहज फसेल असा, त्यामुळे हिंदी मजकुराचे मराठी करणाऱ्यांनी येथे जपून असावे. तुकारामांच्या प्रसिद्ध अभंगात हा शब्द असा येतो : ‘ऐसे कैसे जाले भोंदू । कर्म करोनि म्हणती साधु ॥’ यमक जुळले आहे ते ‘भोंदू’ आणि ‘साधु’ यांचे, आणि माझ्या मते अर्थाचा विरोधही याच दोन शब्दांत आहे. अंगाला राख फासून डोळे झाकून पाप करणारा, वैराग्य दाखवून विषय भोगणारा, अशी वर्णने तेथे आहेत. ती सगळी आचरणाची आणि हेतूची आहेत, ज्ञान देण्याच्या सामर्थ्याचा विषय त्यात नाही.

हा भेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भोंदू हा हेतूवरून ठरतो आणि असद्गुरू हा अधिकारावरून. एखादा माणूस अत्यंत प्रामाणिक, निर्लोभी आणि शिष्यांविषयी कळवळा असलेला असूनही असद्गुरू असू शकतो, कारण जे त्याला स्वतःला उमगलेले नाही ते तो दुसऱ्याला देऊ पाहतो. मुंडकोपनिषदात गुरूला ‘श्रोत्रिय’ आणि ‘ब्रह्मनिष्ठ’ अशी दोन विशेषणे लावली आहेत. पहिल्याने शास्त्राचे अध्ययन सांगितले जाते आणि दुसऱ्याने अनुभवातली स्थिती. त्याच खंडात, काही मंत्र आधी, स्वतःला पंडित मानणाऱ्यांना ‘अंधेनैव नीयमाना यथान्धाः’, म्हणजे आंधळ्याने नेलेल्या आंधळ्यांसारखे, म्हटले आहे. वाट दाखवणारा तो आंधळा कोणाला लुबाडत नाही. त्याला दिसत नाही, एवढाच त्याचा दोष. त्याला भोंदू म्हणणे अन्यायाचे होईल, पण त्याच्या मागून जाणे तरीही धोक्याचेच.

रामदासांनी दिलेली एक कसोटी भोंदू आणि असद्गुरू या दोघांनाही लागू पडते : ‘शिष्यास न लविती साधन । न करविती इंद्रियेंदमन । ऐसे गुरु आडक्याचे तीन । मिळाले तरी त्यजावे ॥’ आडका हे क्षुल्लक किमतीचे नाणे, जे आज केवळ ‘पैसाअडका’ या जोडशब्दात उरले आहे. येथे कस लावला आहे तो गुरू काय दाखवतो याला नव्हे, तर शिष्याकडून काय करवून घेतो याला. गुरुगीतेतल्या एका श्लोकात हीच गोष्ट शब्दांच्या खेळाने आली आहे : ‘शिष्यवित्तापहारक’, म्हणजे शिष्याचे धन लुबाडणारे, गुरू पुष्कळ, ‘शिष्यहृत्तापहारक’, म्हणजे शिष्याच्या हृदयाचा ताप हरणारे, दुर्मीळ. कानाला दोन्ही शब्द जवळजवळ सारखे, पण पहिल्याची फोड वित्त + अपहारक अशी आणि दुसऱ्याची हृत् + ताप + हारक अशी होते.

‘पाखंडी’ येथे बसत नाही. अशोकाच्या गिरनार येथील बाराव्या शिलालेखात ‘पासंड’ म्हणजे निव्वळ पंथ, आणि राजा सर्व पासंडांचा आदर करतो असे तेथे कोरलेले आहे. पुढे अर्थ घसरून मराठीत पाखंडी म्हणजे धर्ममत नाकारणारा असा झाला. भोंदू गुरू तर धर्ममतावरच पोट भरतो, तो ते कशाला नाकारील? ‘पाखंडी बाबा’ हा प्रयोग हिंदीच्या वळणाने आपल्याकडे रुळू लागला आहे. ‘तोतया’ही नको, कारण तोतया हा कोणा विशिष्ट व्यक्तीचे सोंग घेतो, जसा पानिपतानंतर उभा राहिलेला सदाशिवरावभाऊंचा तोतया.

मूळ वाक्यातली खरी अडचण अशी की जो सद्गुरू आहे तो भोंदू असू शकत नाही, आणि जो भोंदू आहे त्याला आपणच ‘सद्गुरू’ म्हणून मोकळे होतो. म्हणून फसवणूक अभिप्रेत असेल तर ‘सद्गुरू म्हणवणाऱ्या भोंदूंपासून’ असे लिहावे, आणि केवळ अपुरा अधिकार अभिप्रेत असेल तर ‘असद्गुरूंपासून’. लेखनाविषयीही विचारणा आहे : मराठीत सुटा शब्द ‘सद्गुरू’ असा दीर्घान्त लिहावा, समासात तो पहिला आला की ऱ्हस्व करावा, जसे सद्गुरुकृपा, सद्गुरुवचन.